पाटलाच्या झडत्या

आमच्या गावात वर्षातून एक दिवस कोणीही कोणाच्या जातीला काहीही बोलावं आणि ज्याला बोललं त्यानं हसावं, अशी रीत होती. तो दिवस पोळ्याचा. आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. त्याखाली शिंगं रंगवलेल्या, झुली घातलेल्या बैलजोड्या रांगेनं उभ्या राहत आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होत. झडती म्हणजे मोठ्यानं म्हणायच्या चार यमकाच्या ओळी. त्यात पटवारी, मास्तर, तेली, माळी, सोनार, दुकानदार, सगळ्यांची खिल्ली उडवत. शेवटी सगळा गाव 'हर हर महादेव' म्हणे आणि लगेच पुढची सुरू होई. पोळ्याच्या झडतीचा राग धरायचा नाही, हे लहानपणापासून आम्हाला सांगितलेलं होतं. या नियमाला एक पोटनियमही होता, पण तो कोणी सांगत नसे.

रीतीप्रमाणे झडती कोणीही म्हणावी. आमच्याकडे पाटील म्हणत. त्यांची जोडी रांगेत पहिली आणि त्यांचा आवाज असा की आखरावर बोलले तर आमच्या वस्तीत घरात बसून ऐकू यावं. आमची जोडी रांगेत शेवटची. आम्ही बौद्ध. बाबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडून दिले. पण बैल होते, शेत होतं, आणि पोळा बैलांचा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. वस्तीतल्या काही लोकांना हे पटत नसे. त्यांनी विचारलं की बाबा म्हणत, "बैलानं कुठं दीक्षा घेतली?" आणि कोणी काही बोलायच्या आत जोडी घेऊन निघत.

पाटलांच्या झडत्यांची आजूबाजूच्या गावांत कीर्ती होती. हिंगणीचे लोक पोळा आटोपून मुद्दाम विचारायला येत, यंदा पाटील काय म्हणाले. त्या झडत्या माझे बाबा रचत. हे चौघांना माहीत होतं: बाबांना, पाटलांना, माझ्या मायला आणि मला.

ही व्यवस्था माझ्या जन्माच्या आधीची. तेव्हा पाटलांकडे स्वतःची एक झडती होती आणि ती आमच्या लोकांवर होती. ती मी इथे लिहिणार नाही. तिच्यात आमच्या खाण्याबद्दल होतं, आमच्या बायकांबद्दल होतं, आणि तिला यमक नव्हतं. बाबांना या तिन्ही गोष्टींचा त्रास व्हायचा. दर पोळ्याला ती झडती होई, गाव हसे, आणि रांगेच्या शेवटी उभे असलेले आमचे लोकही हसत, कारण नाही हसलं तर राग धरला असा अर्थ झाला असता. एका साली बाबांनी पाटलांना शेतात गाठलं आणि म्हणाले, "पाटील, मी तुमाले दरसाल नवी देतो. ते जुनी सोडा." पाटलांना सौदा फायद्याचा वाटला. तो होताही. तेव्हापासून ती झडती आखरावर पुन्हा झाली नाही, आणि त्यासाठी बाबांनी दिलेली किंमत बाबांनाच माहीत, कारण त्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही.

आमचं शेत पाटलांच्या शेताच्या पलीकडे. बैलगाडी न्यायची तर पाटलांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून जायचं, दुसरा रस्ता नव्हता. पोळा जवळ आला की पाटील धुरा पाहायला म्हणून निघत. बाबा कपाशीत बैलांनी ओढायचा डवरा चालवून तण काढत असत. पाटील डवऱ्यामागून तासातासानं, म्हणजे पिकाच्या दोन रांगांमधून, चालत आणि बाबांनी सांगितलेल्या ओळी घोकत. मी शिदोरी घेऊन गेले की हे पाहायला मिळे. धोतर वर खोचलेले पाटील तणातून चालताहेत, आणि माझे बाबा मागे न पाहता त्यांना म्हणताहेत, "इथं दम घ्या. नाई त शेवटच्या ओळीले आवाज पुरत नाई." बाबा झडतीच्या फक्त ओळी देत. 'हर हर महादेव' ते म्हणत नसत. तेवढं शेपूट पाटील आपलं आपण लावत.

एका साली बाबांनी झडती केली ती पाटील लोकांवरच. ऐकून पाटील डवऱ्यामागे थांबले.

"हे मी म्हनू?"

"तुमीच म्हना," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कोनाले म्हनता येत नाई."

ती झडती अशी:

धुऱ्यावर बाभूळ, बाभळीची सावली,
पाटलाच्या जातीनं मेहनत नाई पाह्यली.
बैल राबे, गडी राबे, राबे घरची माय,
पाटील म्हने, थकलो बापा, दाबून दे पाय!

त्या पोळ्याला पाटलांनी शेवटच्या ओळीला खरोखरच एक पाय पुढे केला. गाव हसून हसून वाकला. दुकानदार डोळे पुसत होते. वर्षभर गावात एकच बोलणं होतं, की पाटलाचं मन किती मोठं, स्वतःच्या जातीलाही सोडलं नाही. मास्तरांनी शाळेत मुलांना सांगितलं की थोरपणा म्हणतात तो हा. बाबा ते ऐकून घरी येत आणि बैलांना पाणी दाखवत.

पुढच्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी पाटलांचा घसा बसला. मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात जात होते आणि सणासाठी घरी आले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. पाटील तोरणाखाली उभे राहिले, त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. पुन्हा उघडलं. गाव वाट पाहत होता. बैल चुळबुळ करायला लागले. झडतीशिवाय तोरण तोडणं बरं दिसलं नसतं.

आणि रांगेच्या शेवटून बाबांनी झडती म्हटली.

ती गेल्या सालची होती. का, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. यंदाची त्यांनी पाटलांना देऊन टाकली होती, म्हणजे ती पाटलांची झाली, तिला हात लावणं बरोबर नव्हतं. गेल्या सालची वापरून झाली होती, म्हणून ती मोकळी. असा विचार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चांगली म्हटली त्यांनी. इतकी वर्षं दुसऱ्याला दम कुठे घ्यायचा ते शिकवलेलं होतं. 'दाबून दे पाय' म्हणून ते थांबले. पुढचं शेपूट त्यांनी लावलं नाही, ते लावणार नव्हतेच. त्यामुळे गावाला कधी ओरडायचं ते कळलं नाही आणि आखर गप्प राहिला. त्या शांततेत पाटलांचे धाकटे भाऊ म्हणाले, "कोनाच्या जातीवर बोलून राह्यला बे तू?" मग सगळ्यांना कळलं की हा अपमान आहे. बैलांना मात्र काही कळलं नव्हतं, ते तोरण तोडून गावात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करत होती तेव्हा, धुऱ्यावरच्या रस्त्यात बाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, टाकलेल्या दिसल्या. बाबांनी माफी मागेपर्यंत गाडी जाणार नाही, असा निरोप आला. पुढे वेचणीला कापूस निघाला की गाडीशिवाय तो डोक्यावर वाहायचा होता, नदीच्या बाजूनं, चिखलातून, मायनं आणि मी.

त्या आठवड्यात मी गावातल्या लोकांची मतं ऐकली. गेल्या साली डोळे पुसणारे दुकानदार म्हणाले, "शब्द तेच असन, पन कोन म्हनून राह्यला हे पाहाव का नाई?" मास्तर म्हणाले की पाटलांनी म्हटलं त्यात प्रेम होतं, यात ते दिसलं नाही. कोणी म्हणालं, महादेवाचं नाव घेतलं नाही तिथे खोट झाली. आमच्या वस्तीत म्हाताऱ्यांनी बाबांना सांगितलं, माफी मागून मोकळा हो. तरुण पोरं म्हणाली, काका, छाती आहे तुमची. बाबांना हेही आवडलं नाही. "छाती कायची? त्याचा घसा बसला होता," ते म्हणाले. माय काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा घरातली भांडी बोलतात.

मला राग आला होता. तो मला अजून येतो, म्हणून मी हे शांतपणे लिहिते आहे.

बैठक मारुतीच्या पारावर झाली. सरपंच पाटलांचे तेच धाकटे भाऊ. रस्ता बंद करणारा आणि न्याय करणारा एकच असल्यामुळे बराच वेळ वाचला. पाटील पारावर बसले होते, घसा सुटला होता. बाबा पाराच्या खाली उभे. आमच्या वस्तीतले पाचसहा जण मागे होते आणि मी व माय बायकांत.

सरपंच म्हणाले, आधी काय बोलणं झालं ते सगळ्यांपुढे येऊ द्या. कोणी पुढे येईना. ज्या शब्दांबद्दल बैठक बसली ते शब्द तोंडातून काढायची कोणाची तयारी नव्हती. शेवटी त्यांनी बाबांनाच म्हणायला सांगितलं.

"आता म्या पुन्हा म्हनलं त पुन्हा गुन्हा होईन," बाबा म्हणाले.

हे बरोबर होतं. पारावर थोडी कुजबुज झाली. मग कोणीतरी सुचवलं की ज्यांचा अपमान झाला त्यांनीच सांगावं, त्यांच्या तोंडी ते शोभेल. पाटील नको नको म्हणत उठले. पहिली ओळ त्यांनी खाली मान घालून म्हटली. दुसऱ्या ओळीला मान वर आली. तिसरीला आवाज लागला, आणि चौथीला, मी हे शपथेवर सांगते, त्यांचा पाय पुढे आला. "हर हर महादेव," पाटील म्हणाले, आणि सगळा पार म्हणाला, "हर हर महादेव." लोक हसत होते. दुकानदार हसत होते. सरपंच उपरण्यानं तोंड पुसत होते. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ पाटलांच्या बरोबरीनं हलले होते, आणि तेही हसत होते.

हसणं ओसरल्यावर सगळ्यांना आठवलं की आपण कशाला बसलो आहोत. सरपंच खाकरले. "शब्दात तसं काई नाई," ते म्हणाले. "गोष्ट तोंडाची आहे."

तेव्हा माय उठली. आमच्या गावात बाई बैठकीत बोलत नसे, माय तर मुळीच नाही. ती बाबांकडे हात करून म्हणाली, "तोंड पाटलाचं असन. शब्द याईचेच हायेत. दरसालचे."

मग दुकानदारांनी सावकाश विचारलं, "म्हनजे ते मुंगीची बी?"

मुंगीची झडती चारपाच सालांपूर्वीची होती. दुकानदाराची जात हात जोडे देवाले, पावशेराची साखर त्याची पुरे मुंगीच्या जेवाले. ती झाली त्या दिवशी दुकानदारांनी पाटलांना दुकानात बसवून पेढे खाऊ घातले होते. आता त्यांचा चेहरा लाल होत चालला. मागून सोनार म्हणाला, "अन् आमच्या फुंकनीवर म्हनली होती ते?" माळ्यांतल्या एकानं वांग्याची आठवण काढली. मास्तरांना छडीची आठवली आणि ते उभेच राहिले. गेल्या कित्येक सालांत ज्याज्याला हसू आलं होतं, त्याला त्याला त्या दिवशी पारावर राग आला. बाबा खाली उभे राहून एकेकाकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एवढ्या ओळी लोकांना पाठ आहेत, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"पाटील, खरं का हे?" सरपंचांनी विचारलं.

पाटील जमिनीकडे पाहत होते. "नाई," ते म्हणाले. "झडत्या माह्या आहेत."

मला वाटलं मी आता पारावर चढते. मायनं माझा हात धरला. सरपंच बाबांकडे वळले. "तुह्या आहेत का त्या? सांग."

बाबांनी दुकानदारांकडे पाहिलं, सोनाराकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग दूर आमच्या शेताच्या दिशेला पाहिलं. "नाई," ते म्हणाले. "पाटलाच्याच."

मास्तर बसले. दुकानदारांच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला. कोणीतरी म्हणालंही, की मला वाटलंच, इतकं डोकं कुठून येणार. मग सरपंचांना एक गोष्ट सुचली आणि ती सगळ्यांना पटली. शब्दांत वावगं काही नव्हतं, हे ठरलेलंच होतं. शब्द पाटलांचे, हेही आता ठरलं. म्हणजे बाबांनी पाटलांची झडती विचारल्याशिवाय वापरली होती. गुन्हा चोरीचा होता. बाबांनी हात जोडले, पाटलांची झडती चोरल्याबद्दल पाटलांची माफी मागितली, आणि संध्याकाळच्या आत धुऱ्यावरच्या काट्या निघाल्या.

घरी आल्यावर मी बाबांना नको ते बोलले. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "माह्या म्हनल्या असत्या त सगळ्याच गेल्या असत्या, बाई. त्या दुकानदाराले मुंगी चावली असती ना." आणि थोड्या वेळानं, "पाटलाच्या राह्यल्या म्हनजे राह्यल्या." माय तिकडे चुलीजवळ होती. त्या हंगामात कापूस गाडीतून आला. मी त्यातला एकही भार डोक्यावर वाहिला नाही, आणि गाडीत बसून येताना मला दर वेळी लाज वाटली.

पुढच्या पोळ्याआधी पाटील धुरा पाहायला आले. मी शिदोरी घेऊन गेले होते, पण या वेळी बांधापाशीच थांबले. पाटील बराच वेळ डवऱ्यामागून नुसते चालले. मग म्हणाले, "मी खोटं बोललो."

"म्या बी," बाबा म्हणाले.

डवरा तासाच्या टोकाला पोचला. वळणावर बाबांनी बैल थांबवले आणि त्या सालची पहिली ओळ सांगितली. एका साली जरी नवी दिली नसती, तरी आमच्या लोकांवरची ती जुनी झडती आखरावर परत आली असती.

पाटील वारले ते ऐंशीनंतर. मी तेव्हा हिंगणघाटला शाळेत शिकवत होते. त्यानंतरच्या एका सुटीत घरी आले असताना नागपूरहून एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन गावात आले. गावोगावच्या झडत्या ते गोळा करत होते. दुकानाच्या ओसरीवर त्यांनी यंत्र मांडलं. लोक जमले आणि सगळे म्हणाले, आमच्या पाटलांच्या घ्या, त्यांच्यासारख्या कोणाच्या नाहीत. पण म्हणायला बसले तर कोणाची दुसरी ओळ जाई, कोणाची चौथी. तेव्हा दुकानदारांनीच आमच्याकडे निरोप धाडला. बाबा आल्यावर ते पाहुण्यांना म्हणाले, "याच्याइतक्या कोनाच्या ध्यानात नाईत. एकदा त चोरली बी होती यानं." सगळे हसले. बाबाही हसले.

बाबा ओसरीच्या काठावर बसले आणि म्हणत गेले. पटवाऱ्याची, छडीची, फुंकणीची, वांग्याची. मुंगीची म्हटली तेव्हा सर्वांत जोरात दुकानदार हसले आणि पाहुण्यांना म्हणाले, "हे माह्यावर आहे." शेवटी बाबांनी बाभळीची म्हटली.

"स्वतःच्याच लोकांवर?" पाहुणे म्हणाले. "काय दिलदार माणूस असला पाहिजे. या सगळ्या पाटलांनी स्वतः रचल्या?"

हो, हो, असं ओसरी म्हणाली. मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, पाहुन्याले पानी आन." मी आत गेले. दुकानदारांच्या सुनेनं पाण्याचा गडवा भरून दिला. बाहेर आले तर पाहुणे टेप मागे फिरवून लोकांना ऐकवत होते.

बाबांनी स्वतःचा आवाज यंत्रातून कधी ऐकला नव्हता. ते पुढे वाकून बसले होते. यंत्रातला आवाज म्हणाला, बैल राबे, गडी राबे, राबे घरची माय, आणि लोक आधीच हसू लागले. पाटील म्हने, थकलो बापा, दाबून दे पाय. तिथे आवाज थांबला. पुढे बाबांनी काही म्हटलेलं नव्हतं, फीत नुसती फिरत होती.

"हर हर महादेव," सगळी ओसरी म्हणाली.

बाबांनी मान वर केली आणि एकेकाकडे पाहिलं. मग पाहुण्यांना म्हणाले, "अजून एकदा लावता का?" पाहुण्यांनी पुन्हा लावली.